ताईची वाट

सलील: बाबा, ताईचं फुलपाखरांचं खातं आज बंद झालं. बरं, हे मी बोललोच नाही असं धरा. चहा घ्या.

बाबा: कोणी बंद केलं?

सलील: कोणीच नाही. काही झालंच नाही. साखर पुरे ना?

बाबा: सल्या.

सलील: इंग्लंडहून हेलनबाईंचा मेल आलाय. ताई ज्या गवताळ माळावर फुलपाखरं मोजायची, तिथल्या मोजणीवाल्या. विचारतायत, मुक्ता वारल्याचं तुम्हीच फेब्रुवारीत कळवलंत. मग एप्रिलपासून दर शनिवारी तिच्या नावानं फुलपाखरं मोजतंय कोण?

बाबा: ...मी.

सलील: इथे कुवेतला, मंगफमध्ये बसून.

बाबा: तिच्या गेल्या वर्षीच्या नोंदी बघून भरायचो. प्लांटवर रीडिंग चुकलं की मागच्या शिफ्टचं टाकतोच की आम्ही. लॉगशीट कोरी ठेवायची नसते.

सलील: मग तापमानही गेल्या वर्षीचंच टाकायचं!

बाबा: तापमान खोटं कसं टाकू? बाल्कनीतला थर्मामीटर बघून टाकलं.

सलील: अठ्ठेचाळीस डिग्री, बाबा. इंग्लंडच्या गवतात. चार मेडो ब्राउन फुलपाखरं, दोन चंडोल पक्षी, वर एक वणवाही टाकायचा होतात. म्हणून परवा बाई स्वतः मोजायला गेल्या.

बाबा: चूक निघाली?

सलील: निघाली असती तर मी सुखानं जेवलो असतो. सगळं जुळलं. चाराला चार, दोनाला दोन. ससासुद्धा.

बाबा: ससा तिनं कधीच लिहिला नव्हता रे. तो मी मनानं घातला. कुंपणापाशी.

सलील: कुंपणापाशीच होता.

(बाबा कप खाली ठेवतात.)

बाबा: अजून काय लिहिलंय?

सलील: गवत कमरेइतकं वाढलंय. फेब्रुवारीपासून तिकडे कोणी फिरकलेलं नाही. फक्त ताईच्या मोजणीच्या ठरलेल्या वाटेवर एका माणसापुरतं तुडवलेलं आहे. ताजं.

बाबा: हरीण गेलं असेल.

सलील: हरीणच. दर शंभर पावलांवर थांबून टिपण घेणारं.

बाबा: चेष्टा करू नकोस.

सलील: करत नाहीये. चेष्टा केली नाही तर मला भीती वाटते, बाबा. शनिवारपासून बाई ती वाट मोजणीसाठी दुसऱ्या कोणाला तरी देतायत.

बाबा: लिही. इंग्रजी तू कर, मी सांगतो. 'महोदया, सदर वाट कुमारी मुक्ता सुरेश आहेर यांच्याच नावे ठेवावी. फेब्रुवारीपासूनची त्यांची गैरहजेरी रजा समजावी, आणि पुन्हा रुजू होण्याची तारीख विचारू नये, ही विनंती.'