मासे कुठे लागले?

बोडेट गावच्या दवाखान्यात नंबराची वाट बघत बसलो होतो. शेजारी प्लास्टरमधला पाय लांब करून म्हातारा आर्विड बसला होता. तेवढ्यात त्याची मुलगी डार्ला गोठलेल्या तळ्यावरून थेट तिथे आली. बुटांना बर्फ तसाच होता.

"एकटीच गेलीस?"

"तुमचा पाय मोडलाय. मग कुणाला नेऊ?"

"लागलं काही?"

"वॉलाय मासे. कायद्याने आणता येतात तेवढे सगळे, तेही जेवणाच्या आधी."

"थापा मारू नकोस."

"गाडीत आहेत. खिडकीतून बघा की."

"अरे वा. म्हणजे माझ्याच जागेवर बसलीस, बेटामागे."

"बसले होते. तिथे काही लागेना. मग उठले आणि दुसरीकडे बर्फाला भोक पाडून गळ सोडला."

"दुसरीकडे म्हणजे कुठे?"

"तळ्यात."

"अगं, बाप आहे मी तुझा."

"आईला तुम्ही कधी जागा सांगितलीत?"

"तिला सांगितली असती तर तिच्या भावाला कळली असती."

"आणि तुम्हाला सांगितली तर डेलकाकांना कळेल. रोज कॉफीला बसता त्यांच्याबरोबर."

मग नर्स आली.

"चला आर्विड, आत. पोरीने मासे आणले म्हणे. कुठे लागले?"

"मला काय माहीत? बापालाही सांगत नाही ती."

हे त्याने ऐटीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. आत गेल्यावर दार लागलं, तरी त्याचा आवाज बाहेर येत होता.

"डॉक्टर, पाय राहू द्या. आधी ऐका. बापालासुद्धा सांगितलं नाही हो तिने."