उर्वीकडे जायच्या वाटेतला एक टॅब

नाव: अनुप काशीनाथ लोखंडे. वय ३४. धंदा: सॉफ्टवेअर टेस्टर, सध्या घरूनच. राहणार: स्कोफिल्ड्स, सिडनी. जुलै २०२१.

विचारल्यावरून समक्ष सांगतो की, मी वरील पत्त्यावर पत्नी चिन्मयी, दीड वर्षाची मुलगी आणि सासूबाई सुहासिनी यांच्यासोबत राहतो. मला इंग्रजी येतं, पण आज ते नीट जमेना, म्हणून कॉन्स्टेबल बाईंनी फोनवर दुभाष्या रेखाताईंना घेतलं आहे.

सासूबाई आमच्या मुलीच्या वेळी बाळंतपणाला आल्या. त्यानंतर बॉर्डर बंद झाली आणि त्या इथेच राहिल्या. रोज सकाळी स्वयंपाक झाला की "जरा पाय मोकळे करून येते" म्हणून बाहेर जातात. हातात स्टीलचा डबा असतो. डबा कशाला, असं मी कधी विचारलं नाही.

माझा जुना लॅपटॉप किचनमध्ये असतो, तो त्या वापरतात. आज सकाळी माझा ऑफिसचा लॅपटॉप अपडेटला बसला, म्हणून मीटिंगसाठी मी तो जुना उघडला. त्यात इतक्या विंडो होत्या की आवाज तुटायला लागला. ऑफिसात सगळ्यांना मीच सांगत असतो, जे बघत नाही ते बंद करा. समोरच्या विंडोत शेजारीशेजारी दोन टॅब दिसले, मॅपवरचे रस्त्याचे फोटो. दोन्हीत तेच ग्रे घर, तंतोतंत. डुप्लिकेट म्हणून मी एक बंद केला. बाकीचे राहिले, कारण मीटिंग सुरू झाली.

अकराच्या सुमाराला सासूबाई लॅपटॉपसमोर उभ्या राहून काहीतरी भराभर बघत होत्या. मग मास्क लावून गेल्या. जेवायला आल्या नाहीत. त्यांचा फोन नेहमीसारखा घरीच चार्जिंगला होता. त्यांना शुगर आहे. वेळेवर खाल्लं नाही तर चक्कर येते.

चिन्मयीची वेस्टमीड हॉस्पिटलच्या लॅबमध्ये शिफ्ट होती. तिला फोन केला तर ती म्हणाली, "लॅपटॉप बघ. आईचं सगळं त्यात असतं." मी म्हटलं, "सगळं म्हणजे?" ती म्हणाली, "तू बघ रे आधी."

पोलिसांना फोन करून मी लॅपटॉप उघडला. त्यात जे दिसलं ते सांगतो. मी शिकलेला माणूस आहे, ब्राउझरवरच माझं पोट चालतं, तरी असं काही मी पाहिलं नव्हतं.

प्रत्येक विंडोला नाव दिलेलं होतं. "जसलीन जा", "जसलीन ये". "अनिता जा", "अनिता ये". सगळ्या आसपासच्या नव्या बाळंतिणी. कुणाचीच आई येऊ शकलेली नाही. 'जा' मध्ये आमच्या दारापासून त्यांच्या दारापर्यंतचे कोपरे, डावीकडून उजवीकडे, चालायच्या क्रमाने, एका कोपऱ्याला एक टॅब; ते बघून, पाठ करून त्या निघायच्या. 'ये' मध्ये तेच कोपरे उलट बाजूने पाहिलेले, कारण परतताना रस्ता वेगळा दिसतो. हे मला सुचलं नसतं. शेवटी दाराचा फोटो, आणि दारानंतर एक टॅब त्या बाईच्या माहेरचा: पंजाबात बाळंतिणीला काय देतात, केरळात कोणतं तेल लावतात. आमच्या बेसिनखाली नारळाच्या तेलाची बाटली का असते ते मला तेव्हा कळलं.

सगळ्यांत वर "उर्वी जा" होती. दाराच्या टॅबवर पूर्ण पत्ता होता. कॉन्स्टेबल बाई गाडी घेऊन आल्या, मुलीला शेजाऱ्यांकडे ठेवून आम्ही तिथे गेलो. दार एका मुलीने उघडलं, हातात अगदी तान्हं बाळ. म्हणाली, "काकू पहिल्यांदाच येणार होत्या, आल्याच नाहीत. तुम्ही त्यांचे जावई का? त्या फोनवर म्हणतात, जावई फार शिस्तीचे आहेत."

गाडीत लॅपटॉप मांडीवर घेऊन मी घरापासून टॅबप्रमाणे पुन्हा निघायला सांगितलं. कॉन्स्टेबल बाई म्हणाल्या, "मित्रा, हा कुठला मॅप?" मी म्हटलं, माझ्या सासूबाईंचा. तेवढ्यात चिन्मयीचा फोन आला. "अनुप, तू पुन्हा काही साफ केलंस का?"

एका कोपऱ्यावर ग्रे घर आलं. टॅबप्रमाणे तिथून डावीकडे. पण मघाशी पत्त्यावरून उर्वीकडे जाताना आम्ही तसेच सरळ गेलो होतो आणि पुढच्या कोपऱ्यावर पुन्हा ग्रे घर होतं. मी गाडी थांबवायला सांगितली. बंद केलेला टॅब परत उघडला. ग्रे घरं दोन होती. वळायचं दुसऱ्यापाशी होतं.

पहिल्या घरापासून डावीकडची गल्ली थेट नव्या साइटवर जाते. लॉकडाऊनमुळे बांधकाम बंद, माणूस नाही. बिनछपराच्या एका घरात सासूबाई विटांवर बसल्या होत्या. पाय मुरगळलेला, चेहरा पांढरा, डबा मांडीवर. डब्यात डिंकाचे लाडू. मी म्हटलं, "आई, यातला एक तरी खायचा." त्या म्हणाल्या, "मोजून आणलेत, तिचे आहेत ते."

मी त्यांना एक लाडू खायला लावला. मग सांगितलं, "एक टॅब मी बंद केला होता."

"मग सांगायचं ना अनुपराव. मी म्हटलं, रातोरात गल्लीच काढून टाकली की काय या लोकांनी. इथे काही भरवसा नाही."

त्या घरी यायला तयार नव्हत्या. कॉन्स्टेबल बाईंनी गाडी उर्वीच्या दारात नेली. बाळ रडत होतं. सासूबाईंनी पाय लांब करून त्याला पायांवर घेतलं, मुरगळलेल्या पायासकट. मी आणि कॉन्स्टेबल बाई बाहेर उभे होतो. थोड्या वेळाने रडणं थांबलं. कॉन्स्टेबल बाईंनी टोपी काढून हातात घेतली.

लॉकडाऊनमध्ये दुसऱ्याच्या घरी जायला बंदी आहे हे मला माहीत आहे; पण त्या कुठल्या पार्टीला गेल्या नव्हत्या, एवढं नोंदवून घ्यावं.

हा जबाब रेखाताईंनी मला मराठीत वाचून दाखवला. शेजारी सासूबाई ऐकत होत्या. त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली: दोन्ही घरं तंतोतंत सारखी नाहीत, दुसऱ्याच्या लेटरबॉक्सपाशी लिंबाचं झाड आहे. मी फोटो पुन्हा पाहिला. आहे. त्या दुरुस्तीसह सगळं माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, म्हणून सही करतो.