विहीणबाईंचं गाव

अमेरिकेत एडिसनला मिठाईच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे एक आई आणि तिची मुलगी उभ्या होत्या.

"आई, तो कागद आत ठेव. दादाच्या होणाऱ्या कोरियन सासूबरोबर लंच आहे, व्हायवा नाहीये."

"त्या देगूच्या ना? देगूची सफरचंदं प्रसिद्ध."

"बरं. आणि?"

"बुसान समुद्रकाठी. लिपी केली सेजोंग राजानं. आरमाराचे सेनापती यी सुन-शिन."

"महापौर राहिला."

"देगूचा पाठ केलाय. उच्चार जमत नाहीये."

"मी दहा वर्षं इथे राहते. एडिसनचा मेयर कोण, हे कधी विचारलं नाहीस."

"तू घरचीच आहेस. परक्या माणसाशी पहिलं बोलायचं कशावर? गावावरच ना?"

"मग तूही तयारीत राहा. मिन्जीचा मेसेज आलाय. तिची आई विमानात बसल्यापासून आपल्या सांगलीचा अभ्यास करतेय."

"अगं बाई. काय काय?"

"हळद, कृष्णा नदी, गणपतीचं देऊळ. आणि तुला विचारणार आहेत, सध्या सांगलीचा महापौर कोण."

रांग दोन माणसं पुढे सरकली.

"यामिनी, तुझा फोन दे गं जरा."