घड्याळजींच्या कोटाचा खाका

नाही हो ताई, केबलच खराब आहे — मी सांगतो ना तुम्हाला — तुमचा टॅबलेट चांगला आहे, नवा आहे, त्याच्याबद्दल मी काही म्हटलंय का? बसा आधी. ती खुर्ची नको, डगमगते ती, इकडे पलंगावर बसा. आता हे बघा — इथे खोचली — आवाज झाला ना? म्हणजे कॉम्प्युटरला कळलं, कोणीतरी आलंय. आता टॅबलेटवर तो चौकोन येतो, परवानगी द्यायची का म्हणून, आणि मी चष्मा शोधून नाकावर चढवेपर्यंत तो जातो. गेला. बघितलंत? आता हा नुसता चार्ज होत पडणार — तासभर, दोन तास — पोट भरून घेणार आणि फोटो म्हणाल तर एक घेणार नाही. तीन आठवडे हेच चाललंय. लेकीला फोन केला तर म्हणते, बाबा, त्यात काय आहे, इकडून ओढायचं आणि तिकडे सोडायचं. त्यात काय आहे! हिला मी सायकल शिकवली तेव्हा असं म्हटलं होतं का, त्यात काय आहे, बसायचं आणि जायचं?

पाणी देऊ? बरं, राहू दे. पिशवीत काय आहे एवढं — कोट? घड्याळजींचा? झाला पण? वा — नाही, मग तोंड का असं — इकडे आणा बघू. कच्चे टाके आहेत अजून. मला शिवणातलं कळत नाही हे तुम्हाला माहीत आहे, पण कोट दिसतो कोटासारखा. काय? पाठीवर चढतच नाही? म्हणजे किती कमी पडतो? — चार बोटं! आणि बाह्याही? मग ते काय म्हणाले? नुसता हळूच काढला आणि घडी करून तुमच्या हातात दिला? हं. हे त्यांचंच. ओरडले असते तर बरं झालं असतं. शनिवार म्हणजे — आज बुध — तीन दिवस. चाळीस वर्षं टॉवरचं घड्याळ चालू ठेवलं त्या माणसानं, आता कुठे लोकांना सत्काराची आठवण झाली, आणि त्या स्टेजला समोरूनच पायऱ्या. चढताना पाठ सगळ्या सभागृहाकडे. तुमच्या बाईंना, म्हणजे आमच्या हिला, ते एकदा म्हणाले होते, तुम्हाला सांगितलंय का मी? मी इथेच पेपर वाचत होतो. म्हणाले, बाई, लोक माझं कुबड बघतात त्याचं मला काही नाही, पण कोट मागून वर उचलला जातो ना, तेव्हा वाटतं मी कोणाचा तरी उसना घालून आलोय. त्यावर हिनं नुसता खडू घेतला. आणि मग तो खाका — सात वेळा खोडला तिनं. सात. शेवटी असा कोट पडला त्यांच्या पाठीवर की ते आरशासमोर उलटे उभे राहून मान वळवून बघतच बसले, दुकान उघडायला उशीर झाला त्यांना.

नाही, कापडाचं जाऊ द्या, कापड परत आणता येईल. मापाला का चुकलात तुम्ही? चिडून नाही विचारत. अकरा वर्षं तिच्या हाताखाली होतात, तुमचा हात तिला पसंत होता, ती मला म्हणायची, माझ्यानंतर ही — जाऊ दे. आणि कागदाचे खाके भिजले तो काही तुमचा दोष नाही. नळ कोणाकडेही फुटतो. खाक्यांची ट्रंक जमिनीवर ठेवायला नको होती एवढंच मी म्हणेन, आणि तेही आता म्हणणार नाही. पण मागच्या पंधरवड्यात मी साठ-सत्तर फोटो दिले होते ना तुम्हाला? केबल जरा बरी होती तेव्हा? त्यात घड्याळजींचा पहिला होता, मी मुद्दाम पहिला घातला होता. मग?

अंदाजानं? अंदाजानं मोठा केला म्हणजे?

ताई, तो फोटो आहे, त्याला माप नसतं हे मलाही कळतं — बोटाएवढा केला तरी तोच खाका आणि भिंतीएवढा केला तरी तोच. म्हणून तर ती खाली पट्टी ठेवायची. तीस सेंटिमीटरची, लोखंडी. फोटो छपाईवाल्याकडे न्यायचा, पट्टी कागदावर बरोबर तीस सेंटिमीटर होईपर्यंत मोठा करायचा, की खाका पूर्ण मापात आला. पट्टी आहे ना खाली, डाव्या कोपऱ्यात? नाही? दाखवा. उलटा होतो हा, सरळ धरा — किती हा गरगरतो, माणसानं मान वाकडी करून बघायचं का — हं. थांबा.

थांबा जरा. चष्मा पुसतो.

केबल बदलायला हवी, एवढं खरं. आणि ह्या टॅबलेटची बनावटच अशी की कडा खातो तो फोटोच्या, माझ्या वाचनात आलंय, काही काही मशीन कडा खातात. नाही, तुमचा नवा आहे, मान्य. नवी मशीन तर जास्तच. ते माप दुसरीकडे कुठे नसेल लिहिलेलं? वहीत? तीही ट्रंकेत. बरं. आणि पुन्हा माप घ्यायचं म्हटलं तर सात वेळा खोडायला दिवस कुठे आहेत. बरं. असं बघू नका हो माझ्याकडे. तुम्ही बोलत नाही त्याचाच त्रास होतो. ती निदान बोलायची तरी.

तुम्ही रविवारी यायचा नाहीत, म्हणून तुम्हाला माहीत नाही. हे फोटोचं काम रविवारचं. मधोमध टेबल होतं — तुम्ही नेलंत ते बरं झालं, इथे नुसतं अडत होतं, ते चार डाग राहिलेत फरशीवर तेवढेच — तर टेबलावर खाका पसरायचा आणि मी स्टुलावर चढून वरून फोटो घ्यायचा. सरळ वरून, नाहीतर रेषा तिरक्या येतात. ती खालून ओरडायची, सावली पडतेय तुमची, सरका — इतकं नाही — नकाशे काढणाऱ्या माणसाला सरळ उभं राहता येत नाही म्हणजे कमाल आहे! आणि कागद गुंडाळून गुंडाळून असा वळायचा की टेबलावर टिकायचा नाही. वजनं ठेवू म्हटलं तर नको, रेषा झाकतात. मग ती स्वतःच दाबून धरायची. उजव्या हाताची बोटं वरच्या कडेला, आणि डाव्या अंगठ्यानं खाली ती पट्टी. चारशे बारा फोटो, ताई. चारशे बारांमध्ये तो अंगठा आहे. नख काळं पडलेला एक आहे, मशीनची सुई गेली होती तेव्हाचा. पुढे ते काळं वर वर सरकत जातं, आठ-दहा फोटोंत, आणि मग नख स्वच्छ. शेवटी शेवटी त्या हाताच्या अंगठीला दोरा गुंडाळलाय. सैल झाली होती ना. मला म्हणाली होती, सोनाराकडे जायला वेळ कोणाला आहे. फोटो घेताना मी बघितलाच नव्हता तो दोरा. रेषा सरळ येतायत की नाही तेवढंच बघत होतो.

तर मी कापले. हो. मी. टॅबलेटनं नाही खाल्ल्या कडा.

तुम्ही टॅबलेट आणून दिलात त्या दुपारी बसलो, म्हटलं घ्या, इकडून ओढायचं आणि तिकडे सोडायचं — आणि पहिलाच उघडला. हे फोटो तुमच्याकडे जाणार, छपाईवाल्याकडे जाणार, तो काउंटरवर चहाचा कप ठेवणार त्याच्यावर. येणारा-जाणारा म्हणणार, हे कोणाचं बोट आलंय मध्ये? मला ते — नाही सहन झालं म्हणा. मग एकेक फोटोची नक्कल केली आणि तिच्यावरून हात कापून काढले. वरून बोटं, खालून अंगठा. मला वाटलं खाका तर राहतोच सगळा, रेषेला धक्का लागू दिला नाही मी, इतकं जपून केलं, दिवसाला वीस-पंचवीस होतात, डोळ्यांतून पाणी येतं, म्हणजे स्क्रीनमुळे. आणि अंगठ्याबरोबर पट्टी गेली. बावीस वर्षं नकाशे काढतोय मी, ताई. एखाद्यानं नकाशावर खाली मापाची पट्टी काढली नाही तर मी तो कागद त्याच्या टेबलावर परत टाकतो — म्हणतो, हे चित्र आहे, नकाशा नाही. आणि मलाच दिसली नाही. त्या कोपऱ्यात मला पट्टी दिसतच नव्हती.

कापलेले तुकडे? ते — आहेत. ठेवलेत. एका फोल्डरमध्ये. नाव काही नाही, 'इतर' म्हणून. तुम्हाला कशाला दाखवू, त्यात तुमच्या उपयोगाचं काही नाही.

आणि केबलला एकदा खरंच झालं होतं काहीतरी, पहिल्या दिवशी. मग सुटलं ते. तुम्ही फोन करायचात आणि माझ्या तोंडून आपलं निघायचं, केबल. तुम्ही तीनदा आलात. रिक्षा करून आलात. दुसऱ्या कोणी चार शब्द सुनावले असते. सुनावा की! नाही? तुम्हाला माहीत होतं? कधीपासून? — ह्या कडा पाहून? — हो, कापलेलं तुम्हाला कळणारच, तुमचा धंदाच तो. मग बोलला का नाहीत? कोट बिघडू दिलात, त्या माणसाला कमी पडलेला कोट घालून बघायला लावलात, आणि बोलला नाहीत? — पट्टी मी मुद्दाम कापली असेल असं वाटलं? मुद्दाम? ट्रंकेच्या रागानं?

राग होता. एवढं खोटं मी नाही बोलणार. पण तसा नाही.

सरका. मूळ फोटो आहेत सगळे, हे बघा, इथे. आता खोचतो. चौकोन आला की तुम्ही दाबा, तुमची नजर चांगली आहे. आला — दाबा. दाबलंत? हं. आता सगळे निवडले. चारशे बारा. ओढले. सोडले. बघा, किती सरळ काम आहे, लेक म्हणते ते खोटं नाही. हिरवी रेघ चालली पुढे. हा घड्याळजींचा गेला बघा, पहिलाच. उघडू नका लगेच, मध्येच उघडलं तर अडकतं ते — उघडलंत. बरं. उघडा.

दिसली ना पट्टी? आकडे वाचता येतात? झालं मग. शनिवारपर्यंत होईल? शुक्रवारी रात्र जागावी लागेल, पण होईल म्हणता. त्यांना माझा नमस्कार सांगा. उशीर माझ्यामुळे झाला असंही सांगा. नाही, सांगाच.

एक विचारू? छपाईवाला पूर्ण मापात छापतो, म्हणजे पट्टी कागदावर खरीखुरी तीस सेंटिमीटरची येणार. मग शेजारचा अंगठाही — जेवढा होता तेवढाच येणार ना? हो. गणितच आहे ते, मला काय कोणी शिकवायला हवं. आणि तुम्ही कात्री खाक्याच्या रेषेवरून चालवता. मग कडेचा कागद, तो कोपरा — त्याचं काय करता? नाही, ठेवा असं मी म्हणत नाहीये. विचारलं फक्त. तुम्हाला कामाच्या गडबडीत कुठे — असं? तुम्ही तो कोपरा कापणारच नाही?

बरं.

झालं बघा, पोचले सगळे. काढा तुमचा टॅबलेट. निघा आता, कापड आणायला बाजार गाठायचाय तुम्हाला, तो कोट राहू द्या इथेच, मी उसवून ठेवतो — टाके उसवता येतात मला, तेवढं तिनं शिकवलंय. निघा. नाही, मी ठीक आहे. निघा म्हटलं ना.