जावयाचा काळा पडदा आणि अप्पांच्या सीड्या

नाही, मला एवढंच सांगा, यंत्र म्हटल्यावर त्याला बटण असतं की नसतं? मिक्सरला असतं, गिझरला असतं, अहो आमच्या बोअरच्या पंपाला सुद्धा एक हिरवं आणि एक लाल असतं! आणि ह्या गृहस्थानं माझ्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला, तर आत काय? काही नाही! काळं! नुसतं काळंकुट्ट! कोपऱ्यात एक पांढरी चौकट तेवढी लुकलुकतेय... आणि हा तिच्याकडे अशा प्रेमानं बघतोय, अशा प्रेमानं, की अंतरपाट दूर झाल्यावर माझ्या मुलीकडे सुद्धा असं बघितलं नव्हतं हो! लक्ष होतं माझं. दुसरा कोणी असता तर म्हटलं असतं, उचल तुझं डबडं आणि चालू लाग. पण जावई पडला! त्यात दिवाळसणाचा! बोलणार काय?

तुम्हाला सांगतो, मी श्रीहरी, धारवाडच्या कोर्टात शिरस्तेदार होतो. भलेभले वकील माझ्या टेबलापुढं चप्पल न वाजवता उभे राहायचे. रिटायर झालो, हुबळीला केशवापुरात घर बांधलं, पोरीचं लग्न केलं, वाटलं सुटलो. कुठलं सुटतोय! आमची आई, वेणूबाई, नव्वदीला टेकलीय, डोळ्यांनी दिसत नाही फारसं, पण कान असे तिखट की शेजारच्या घरात दूध उतू गेलं तर हिला आधी कळतं. तर ह्या दसऱ्यापासून तिनं एकच धोशा लावला. "श्रीहरी, मला ह्यांचा आवाज ऐकव रे." ह्यांचा म्हणजे आमच्या अप्पांचा. अप्पा म्हणजे बाळाचार्य. प्रवचनं करायचे. अर्धं मराठीत, अर्धं कन्नडमध्ये, आणि रागावले की संस्कृतात. ते जाऊन बरीच वर्षं झाली. फोटो आहेत, शाली आहेत, चष्मा आहे, पण आईला फोटो काय कामाचा? तिला दिसतं कुठं? तिला आवाज पाहिजे. आणि आवाज आहे फक्त सहा सीड्यांत.

त्या सीड्या सुभाष रोडवर ज्यांचं कॅसेटचं दुकान होतं त्या गणपतरावांनी आमच्याच घरी येऊन, दारं-खिडक्या लावून, माईक ठेवून केल्या होत्या. दुसरी प्रत नाही. दुकान गेलं, गणपतरावही गेले. आमचा प्लेअर तर त्या दोघांच्याही आधी गेला. म्हणजे एवढ्या वर्षांत त्या सीड्या कोणी लावल्याच नाहीत, नुसत्या आईच्या कपाटात देवासारख्या बसून.

आता मी काय करणार होतो? सरळ! नवनगरला आमचा संतोष आहे, कॉम्प्युटरचं दुकान. त्याला फोन केला. तो म्हणाला, "द्या की सर, संध्याकाळपर्यंत पेनड्राईव्हमध्ये घालून देतो, दोन क्लिकचं काम." संपलं की नाही? दोन क्लिक! पण तेवढ्यात आमचे जावई, सुधींद्र, बेंगळुरूहून दिवाळसणाला आले, आणि आमच्या दीपश्रीनं, म्हणजे पोरीनं, अभिमानानं सांगितलं, "बाबा, बाहेर कशाला देता? हे करतील की!"

"मामा," जावई म्हणाले, "संतोष एमपीथ्री करून देईल. त्यात आवाजाचा जीव जातो. आपण बिट टू बिट घेऊ, जसंच्या तसं. कमांड लाईननं."

म्हटलं, करा की. मला काय माहीत ही कमांड लाईन काय जात आहे! तर ह्यात माऊसला हात लावायचा नाही. का? तर म्हणे ती हौशी लोकांची पद्धत. आमच्या आईचं सोवळं बघितलंय का तुम्ही? ओल्या पातळानं स्वयंपाकघरात शिरली की नातवंडांनासुद्धा "शिवू नको, शिवू नको" करायची. ते सोवळं परवडलं हो! तिच्या सोवळ्यातनं शेवटी पुरणपोळी तरी यायची. ह्यांच्या सोवळ्यातनं काय आलं? एक ओळ! एक ओळ टाईप केली, त्यात अर्धी अक्षरं आणि अर्ध्या आडव्या रेघा. मी विचारलं, ही रेघ कशाला? "ऑप्शन आहे, मामा." आणि हा झेड? "तोही ऑप्शन. पण छोटा झेड वेगळा, मोठा झेड वेगळा. छोट्यानं वाचल्याशिवाय पुढं जात नाही, मोठ्यानं काही तपासतच नाही." आता ह्याला काय म्हणावं? एकच अक्षर, मोठं काढलं की मवाली आणि छोटं काढलं की सज्जन! कोर्टात असं कोणी लिहून आणलं असतं ना, तोंडावर फेकलं असतं. पण जावई पडला! त्यात दिवाळसणाचा! बोलणार काय?

पडद्यावरची नजर न काढता पहिली सीडी आत सरकवली, एंटर मारलं. ड्राईव्ह घुरघुरला. आणि तुम्हाला सांगतो, त्या प्रोग्रॅमचं नावच मुळी संशयी माणसावरनं ठेवलेलं आहे! अभिमानानं! एकदा वाचलेलं पुन्हा वाचतो, पुन्हा वाचलेलं आधीच्याशी ताडून बघतो, मग परत मागं जातो. आणि हे चाललेलं असताना काय दाखवतो माहितेय? तोंडं! खोटं नाही सांगत! दोन टिंबं, एक रेघ, एक कंस, आडवं पडलेलं हसरं तोंड! बरं वाचता आलं की हसतो, अडकला की तोंड वाकडं करतो. आमच्या घरात येऊन, आमच्याच टेबलावर बसून, आम्हाला वाकुल्या दाखवतो! आणि सुरुवातीचं एक हसणं सोडलं तर नंतर वाकडं ते वाकडंच. सुधींद्र म्हणतात, "मामा, तो प्रयत्न करतोय." अरे, प्रयत्न करतोय की टिंगल करतोय?

सकाळची दुपार झाली. लक्ष्मी, आमची बायको, दर थोड्या वेळानं चकल्यांची ताटली आणून ठेवतेय, जावई एका हातानं चकली खातोय, एका हातानं टाईप करतोय, सगळ्या कीबोर्डवर तीळ! आणि आतल्या खोलीतनं आई. "आतेनप्पा? झालं काय रे?" व्हायचंय, आई. "लागला काय आवाज?" लागतोय, आई. "संतोषकडे का नाही दिलंस रे?" जावई समोर बसलेला! मी आपला खोकलो.

पहिली सीडी, नाही. दुसरी, नाही. तिसरीला तर ड्राईव्हनं आतूनच असा आवाज काढला, कुकरला शिट्टी अडकावी तसा. सुधींद्र म्हणाले, "मामा, मॅन्युअल वाचावं लागेल." आणि वाचायला लागला! तेही काळ्यावरच! बटण नाही, चित्र नाही, काळ्यावर पांढरं, पानंच्या पानं, मांडी घालून! म्हटलं ह्याला पोथीच द्यायला पाहिजे होती, दिवाळसणात अंगठी उगाच दिली. मी हळूच म्हटलं, "जावईबापू, सीडी जरा काढून बघू या का? डोळ्यांनी?" तर माझ्याकडे असं बघितलं, जसं मी ऑपरेशनच्या टेबलावर हात घालतोय. "मामा, हार्डवेअर शेवटी बघायचं असतं. आधी सॉफ्टवेअर." असं असतं का हो? गाडी बंद पडली तर आधी पेट्रोल बघतात की आधी गाडीचं पुस्तक?

शेवटी काढली. उलटी केली. आणि चकलीचा तुकडा त्याच्या तोंडातच राहिला.

"मामा... हे काय?"

बघतो तर काय! चकचकीत बाजूवर हळद! वर कुंकू! मध्ये गंधाचं बोट, कडेला दोन अक्षता घट्ट चिकटलेल्या, आणि झेंडूची एक पाकळी वाळून अशी बसलेली की नखानं निघेना. दुसरी काढली, तीही तशीच. सहाच्या सहा! आणि गेल्या वर्षीचं पुसून त्यावर ह्या वर्षीचं, पुसलंय तेही पदरानं, गोल गोल, घासून.

आई भिंत धरत धरत बाहेर आली. "काय झालं?" म्हटलं, आई, सीड्यांना हळदकुंकू कोणी लावलं? "मीच की! खंडेनवमीला!" आणि आता बघा, तिचं काय चुकलं? तुम्हीच सांगा! आमच्या ह्या भागात खंडेनवमीला पूजा कशाची होत नाही? स्कूटरची होते, शिलाई मशीनची होते, लेथची होते, अहो पंक्चरवाला पंपाला लिंबू बांधतो! आई म्हणाली, "वाण्याची तागडी असते, शिंप्याची कात्री असते. ह्यांचं आयुध काय होतं रे? वाणीच ना? ती इथं आहे. मग तिची पूजा करायची नाही?"

अग, पण ह्या बाजूला का?

"उजळ बाजू ती! बोटाला गुळगुळीत लागते की. देवाला काय पाठीवर गंध लावतात?"

मी सुधींद्रकडे बघितलं. त्याचा चेहरा, अहाहा! इतका वेळ मी गिळत होतो ना, आता तो गिळत होता. कारण त्याची ती आजेसासू! बोलणार काय? बोल की आता! टाईप कर! लाव छोटा झेड!

मग काय, सीड्या धुवायला घेतल्या. लक्ष्मीनं कोमट पाणी आणलं, भांड्याच्या साबणाचा फेस केला, जावयानं मऊ फडकं घेऊन मधून कडेला, मधून कडेला, सरळ रेघेत पुसायचं असं सांगितलं, म्हणजे ह्यातही शिस्त! आणि आई शेजारी उभी. "आज नरकचतुर्दशी. आधी तेलाचं बोट लाव ग. सणाच्या दिवशी कोरडं न्हाऊ घालू नये." अहो, सीडीला अभ्यंग! सुधींद्र किंचाळला, "आजी, तेल नको! प्लीज, तेल नको!" सकाळपासनं त्या माणसाच्या तोंडून आलेलं ते पहिलं समजण्यासारखं वाक्य!

धुतल्यावर परत तोच काळा पडदा. परत ती ओळ. परत वाकुल्या. पाच सीड्या गेल्या हो. कुंकवाचे खडे आणि पदराची घासाघीस, सगळीकडे चरे. तोंड वाकडं, तोंड वाकडं, तोंड वाकडं. आता मात्र मला हसू येईना. चिडायचंसुद्धा सुचेना. आई खुर्ची ओढून लॅपटॉपसमोर बसली होती, तिला तो पडदा दिसत नव्हता हे किती बरं. पाचवी गेली तेव्हा तिनं नुसता हात पुढं केला आणि सीडी परत मागून घेतली. सहावी घातली. घुरघुर... थांबला... घुरघुर... आणि तो संशयी प्राणी हसला! परत हसला! शेवटपर्यंत हसत गेला.

सुधींद्रनं स्पीकर लावला. आणि अप्पा! आमच्या घरात! तोच घसा खाकरणं, तोच तो "हां, तर मंडळी..." मी शिरस्तेदार माणूस, पण डोळ्याला पंचा लावावा लागला. लक्ष्मी दारातच उभी राहिली. आईकडे बघितलं, तर ती मख्ख. सगळं प्रवचन संपलं, तरी मख्ख.

"आई, ऐकलंस ना?"

"ऐकलं. हा आवाज लोकांचा रे. देवळातला. माझ्याशी कुठं असं बोलत होते?"

घ्या! दिवसभर केलं ते लोकांचं! सुधींद्र बिचारा म्हणाला, "आजी, शेवटी थोडा कचरा आहे, खरखर वगैरे. तो कापून टाकतो, एकच कमांड," आणि टाईप करायला लागला. म्हटलं, थांबा! तुमची कमांड राहू दे. पुढं चालू द्या. कोर्टातला आवाज काढला हो मी, पहिल्यांदा! जावई दचकला.

खरखर आली. खुर्ची सरकली. गणपतरावांना वाटलं असणार माईक बंद केला, तो चालूच राहिलेला. आणि मग अप्पा, अगदी जवळनं, वैतागलेले, "झालं काय हो तुमचं? अग ए! फॅन लाव की! ह्यांच्या माईकसाठी बंद करून ठेवलास, उकडून मेलो मी हितं. ऐकतेस काय? फॅन लाव!" आणि खट्. संपली सीडी.

आई ताडकन उठली! भिंत नाही, काठी नाही. "लावते की हो! घसा कशाला कोरडा करता?" आणि चाचपत गेली आणि पंख्याचं बटण दाबलं. मग खाली बसून अशी रडली, अशी हसली, की जावईसुद्धा स्क्रीन सोडून तिच्याजवळ जाऊन बसला. हे मात्र मी त्याच्या खात्यावर मांडलं.

पण तुम्हाला सांगतो, पुढं काय? जावई गेले बेंगळुरूला. जाताना तेवढा तुकडा वेगळा करून माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर ठेवला. म्हटलं, एक बटण ठेवा हो, दाबलं की वाजेल असं. "बटण कशाला मामा? एक ओळ टाईप करा, झालं." झालं म्हणे! आता रोज सकाळी स्नान-संध्या आटोपून मी, रिटायर्ड शिरस्तेदार, त्या काळ्या पडद्यापुढं बसतो आणि रेघा मोजत टाईप करतो. दोन शब्दांतली एक जागा सुटली की तो पडदा म्हणतो, अशी कमांडच नाही. आई आतनं ओरडते, "वाट बघतायत रे ते!" मग परत टाईप करतो. मग अप्पा ओरडतात. मग आई उठते, "लावते की हो," म्हणून पंखा लावते. पाचवर.

डिसेंबर लागलाय. थंडीनं दात वाजतायत. परवा मी हात जोडून म्हटलं, आई, लावलास ना? त्यांनी ऐकलं. आता बंद करू?

तर म्हणते कशी, "त्यांनी बंद कर म्हटलंय कुठं?"

खरंच नाही हो म्हटलेलं! मी चार वेळा ऐकून बघितलं! तिथंच सीडी संपते! म्हणून ही कानटोपी, म्हणून ही शाल, आणि म्हणून हे असं भर सकाळी तुमच्याकडे येऊन बसणं. घरात वारा फार आहे.