सत्तावीस नंबरचा मुरूम

(यवतमाळच्या बाहेर, आर्णी रोडला नव्यानं पडलेला लेआउट. वैशाखातली सकाळ. कापसाचे भाव पडल्याचं हे लागोपाठ तिसरं साल. प्लॉट विकणारा रवी, आणि आर्णीकडच्या तांड्यातून आलेले नवराबायको, धरमसिंग अन् धनीबाई.)

धरमसिंग : अन् हे भेग पाह्य, बादलची माय. कोपरापावतर हात गेला माहा. अशी फाटनारी जमीन साऱ्या तालुक्यात चार जनापाशी नसन.

रवी : काकाजींची नजर पक्की आहे, मावशी. मागच्या सोमवारी आले, अख्खा लेआउट पायी फिरले. मूठभर माती उचलली, वास घेतला, आणि म्हणाले, अकरा नंबर आमचा. त्यांच्या शब्दावर आम्ही दोन गिऱ्हाईकं वापस लावली.

धनीबाई : यायनं शब्द देल्ला? मले तं सांगतलं, नुसता पाहून आलो.

धरमसिंग : पाह्यलेच आल्तो. पन अशी काळी दिसल्यावर मानूस मुका राह्यते काय? इथं कपाशी लावली तं छातीले लागन.

धनीबाई : लागन ना. रवीभाऊ, त्या पिवळ्या घरात कोन राह्यते?

रवी : एक मास्तर आहेत. आपल्या लेआउटचं पहिलं घर. दिवाळीलाच वास्तुशांती झाली. एकदम मस्त बांधलंय.

धनीबाई : तुमी दोघं चहा प्याले गेल्ते, तवा मी तिथं जाऊन आली. मास्तरीनबाईनं पानी देल्लं. म्हने, दरवाजा लागतच नाई, सुतारानं दोनदा रंधा मारला तरी अडकते. खिडकीच्या कोपऱ्यातून भेग निंगाली, तिरपी, पार छतापावतर. सिमिटानं बुजवली तं बाजूनं उघडली.

रवी : मिस्त्री कच्चा होता हो त्यांचा.

धनीबाई : मिस्त्रीले कायले बोल लावता? हे काळी पावसात पानी पेते अन् फुगते. उन्हाळ्यात आटते. घर तिच्यासंगं वर-खाली होते. भीत थोडीच वाकते? भीत फाटते.

धरमसिंग : मंग आपल्या तांड्यातले घरं कायच्यात हायेत? काळ्यातच ना?

धनीबाई : ते कुडाचे हायेत. दरसाल आपन लिपतो, म्हनून उभे दिसतात. इथं पक्क्या विटायच्या दोन खोल्या काढून किरायानं द्याच्या हायेत. किरायदार का दरसाल भीत लिपत बसन?

धरमसिंग : हे तुले कोनं शिकवलं?

धनीबाई : शिकवाले कोन पायजे? दहा साल पुन्याले पायवेच खंदले. काळं लागलं का ठेकेदार म्हने, अजून खाली जा, मुरूम लागेपावतर जा. कधी डोक्याच्या वर जाय खड्डा. मुरूम लागला का आमी बाया तिथंच टोपले उलटे करून बसो. आता खंदाई संपली म्हनून.

रवी : दहा वर्षं? काकाजी, तुम्ही तर म्हणाले होते की मावशी घरीच असतात.

धरमसिंग : म्हनलो होतो.

धनीबाई : तांड्यातही तेच सांगतलं यायनं. दिवाळी झाली का मी भावायच्या टोळीत जावो, अन् हे सांगत, माहेरी गेली. तांड्याच्या नाईकाच्या घरची सून गिट्टी वाहाते, हे लोकायले कसं सांगाव?

धरमसिंग : परक्या मानसासमोर काहून काढतं थे?

धनीबाई : कारन पैसा त्याच दहा सालाचा हाये. कापूस बुडाला तरी त्याले हात लावला नाई आपन. तुमी मागतला नाई, हेही खरं हाये, अन् थे मी इसरली नाई. पन हा एकच प्लॉट होते त्यात. हा चुकला तं मले आता पुन्हा पुन्याले जानं होत नाई. गुडघे गेले माहे.

रवी : मग मावशी, तुम्हाला कोणता पाहिजे?

धनीबाई : तो. टेकाडावरचा. पळसं हायेत तिथं.

रवी : सत्तावीस? तो तर कोणी फुकट पाहत नाही. आमच्याकडे गिऱ्हाईक सारं शेतकरी. येतात, माती चोळतात, नाक मुरडून खाली उतरतात. म्हणून तर भाव पाडून ठेवलाय त्याचा.

धरमसिंग : तिथं कुसळ उगवत नाई, बादलची माय.

धनीबाई : नको उगवू. तिथं वरच मुरूम हाये, अन् मले तिथं काई पेराचं नाई.

धरमसिंग : अन् त्या टेकाडावर राह्यले कोन येईन?

धनीबाई : नंदेच्या बाळंतपनाले सरकारी दवाखान्यात अकरा रोज होती मी. तिथं नर्सिंगच्या पोरी होत्या, झरी जामनीकडच्या, राळेगावच्या. रोज इचारत होती त्यायले. खोली कुठं, किराया किती, त्रास कायचा. त्या म्हनत, मालक पयले जात इचारते, मंग किराया सांगते. पानी एक टाइम. ऑटोपासून चालाले त्यायची ना नाई. एक पोरगी म्हने, काकू, आतून कडी लागनारा दरवाजा पायजे, बाकी सारं आमी निभावतो.

रवी : वा, मावशी! आमच्या सायबांनी इतके लेआउट पाडले, पण किरायदाराला आधी विचारून प्लॉट घेणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदा पाहून राहिलो.

धनीबाई : गोड नका बोलू, भाऊ. एनएचा कागद दाखवा. अन् हापशीले उन्हाळ्यात पानी राह्यते का, थेही खरं सांगा.

रवी : कागद ऑफिसात आहे, दाखवतो. पाणी राहतं, थोडं कमी होतं मे महिन्यात. पण काकाजी, तुम्ही शब्द तर अकराचा दिला आहे. आता तुम्हीच सांगा.

धनीबाई : यायची जबान मोडा, असं मी नाई म्हनत. नाईकाच्या घरची जबान हाये. यायले जे वाटन ते.

धरमसिंग : ...चाळीस साल झाले मले वावरात. उन्हाळ्यात भुई फाटली नाई तं बाप काळजी करे. म्हने, अंदा जमीन तापली नाई. भेग दिसली का आमाले बरं वाटे. त्या भेगेवर कोनी घर बांधन, हे कधी ध्यानातच आलं नाई माह्या.

रवी : म्हणजे अकरा की सत्तावीस?

धरमसिंग : जबान मी देल्ली, मीच वापस घेतो. तुह्या सायबाले सांग, धरमसिंग नाईक पयल्यांदा शब्दातून फिरला. अन् काहून फिरला थेही सांग. सांग का त्याची बायको पायवे खंदत होती, दहा साल, पुन्याले. त्याच्यापेक्षा तिले जास्त समजते.

धनीबाई : हळू बोला, मास्तरीन पाहून राह्यली.

धरमसिंग : पाहू दे. आता तांड्यातही असंच सांगीन. गुडघ्याचं मले काहून नाई सांगतलं?

धनीबाई : तुमी कधी पुन्याचंच इचारलं नाई. मंग गुडघ्याचं कुठून सांगू?

रवी : चला, मी सत्तावीसची इसारपावती करतो. नाव काय टाकू? धरमसिंग नाईक आडे?

धनीबाई : हाव, यायचंच टाका. शेत यायच्याच नावावर हाये.

धरमसिंग : शेत माह्या नावावर हाये, कारन शेत मले समजते. याच्यात मले काई समजत नाई. धनीबाई धरमसिंग आडे लिव, बावा. माहं नाव तिच्या मांगं आलं, तेवढं बस.

रवी : ठीक आहे. मावशी, इथं खाली. सही करता, का शाई काढू अंगठ्याला?

धनीबाई : सही येते. आमच्या लेकीनं, बबितानं शिकवली होती. आजपावतर कोनी मागतलीच नाई.