कुंपणापलीकडची हरिणी

नाही हो डॉक्टर, कुत्र्यांनी मारली असं कुठं म्हणाले मी — म्हणजे म्हणाले, आत्ता दारातच म्हणाले, याच्या आईला कुत्र्यांनी मारलं म्हणून — पण तसं पाहिलं नाही कुणी. तुम्ही आधी पाडस बघा ना. पोट बिघडलंय त्याचं. गाईचं दूध पाजलं, पातळ करून, बाटलीनं. चुकलं का? चुकलंच असणार. प्रसूतिगृहात नर्स आहे मी, मला वाटलं, पिल्लू कसं सांभाळायचं हे मला कोण शिकवणार!

आमचं घर वस्तीच्या टोकाला, मागं कुंपण, पलीकडे गवत. तिथं पाडस अंगाचं मुटकुळं करून पडलेलं — एकटं, हलेनासुद्धा. उचलून कुशीत घेतलं. आमचे हे म्हणाले, "अगं, आई चरायला गेली असेल, ठेव परत." मी म्हटलं, "एवढ्याशा जिवाला टाकून जाते, ती कसली आई?" — असं बोलले हो मी! आणि ते माझं बोट चोखायला लागलं. आयुष्यभर दुसऱ्यांची बाळं पुसून, गुंडाळून त्यांच्या आयांच्या हातात दिली, पण माझं बोट असं कुणी — जाऊ दे, तो विषय नको.

खरं सांगू? आली होती ती. त्याच संध्याकाळी. कुंपणाशी उभी राहून हाका मारत होती, बारीक, शिट्टीसारख्या. इकडे पिल्लू तडफडायला लागलं. मी काय केलं असेल? खिडकी लावली. रेडिओ मोठा केला. हे ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, तिसऱ्या दिवशीही. मी आपली मनाशी म्हणतेय, पोट बरं झालं की सोडू — आणि पोट बिघडवलेलं कुणी? मीच!

काल मात्र त्याला घेऊन गेले मी. खरंच गेले, त्याच जागी ठेवलं, लांब जाऊन बसले. दिवस मावळला, कुणी आलं नाही. शेवटी पिल्लू उठलं, धडपडत निघालं — आणि माझ्याकडेच आलं.

असं बघू नका ना. अनाथ आहे असंच सांगायला आले होते तुम्हाला. आता ते खोटंही नाही. मीच केलं की अनाथ.

काय? तुम्ही इथं ठेवून घेताय, आणि मी रोज येऊन पाजू? नको, नको. माझा वास विसरू दे त्याला. धरा, घट्ट धरा, मी वळले की मागं धावेल ते. बरं, येते मी — नाही, येत नाही. जाते.